मालकाचं चाक

गोमाजी मिस्त्रीच्या उजव्या हाताची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारची, सरळ होत नसत. साकोलीत हायवेला लागून त्याचं टिनाच्या छपराचं गॅरेज होतं आणि नागपूर-रायपूर करणारे ट्रकवाले त्याला ‘तुटक्या बोल्टवाला’ म्हणूनच ओळखत. बोल्ट हबात, चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी बैठकीत, मोडला, गंजून आत दगड होऊन बसला, की बाकीचे मिस्त्री सरळ ड्रिल लावून त्याचा भुगा करत आणि भोक मोठं करून जाडा बोल्ट ठोकून देत. गोमाजी तसं करत नसे. तो मोडका तुकडा आट्यांसकट अखंड बाहेर काढी आणि गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवी. लोकांना वाटे, माणसाला कारागिरीची हौस दांडगी आहे. हौस कसली डोंबलाची? बारा वर्षं तो एकाच बोल्टासाठी हात तयार करत होता. तो बोल्ट त्याच्या गावी, मोहटोल्याला, पुंडलिकरावांच्या गोदामात, कुलपाआड उभ्या असलेल्या एका मोटारीच्या हबात अडकून पडला होता.

पुंडलिकराव म्हणजे मोहटोल्याच्या जुन्या मालगुजारांचे, गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांचे, नातू. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला, पण सुंभ जळाला तरी पीळ कुठं जातो? आजोबांच्या काळची एक लांबलचक अमेरिकन मोटार दारात होती. बावीस वर्षांचा गोमाजी तिचा ड्रायव्हर होता. त्या मोटारीची एक खोड होती. तिची चाकं पाच-पाच बोल्टांनी हबात थेट आवळलेली असत, आणि उजवीकडच्या चाकांचे बोल्ट जगातल्या सगळ्या बोल्टांसारखे उजवीकडे फिरवले की आवळत, पण डावीकडच्या चाकांना उलटे आटे होते. तिथले बोल्ट डावीकडे फिरवले की आवळत. ओळखायला त्यांच्या डोक्यावर इंग्रजी एल कोरलेला असे. हे एकदा ठाऊक झालं की अवघड काही नव्हतं, आणि गोमाजीला ते ठाऊक होतं.

मालगुजारांच्या घरात दसऱ्याची एक रीत होती. आजोबांच्या तरुणपणी दसऱ्याला बैलगाडीच्या एका चाकाची खीळ मालक स्वतः बसवी. बैलगाडी जाऊन मोटार आली, तरी रीत राहिली. खंडेनवमीला मोटार धुवायची, पुढचं डावं चाक उतरवायचं, त्याचे पाच बोल्ट आणि पाना एका ताटात हळदकुंकू लावून देवघरात ठेवायचे. दसऱ्याच्या सकाळी मालकानं ते चाक स्वतःच्या हातानं बसवायचं. त्याला मालकाचं चाक म्हणत. आणि एकदा मालकाचा हात फिरला, की त्या चाकाला त्या दिवशी नोकरानं पाना लावायचा नाही. लावला तर तो मालकाच्या हाताचा अपमान. गोमाजी दर वर्षी मोटारीशेजारी खाली मान घालून उभा राही आणि हळूच म्हणे, “डावीकडं, मालक.” तेवढ्यावर सगळं निभावत होतं.

सत्तर सालच्या दसऱ्याला तो शेजारी नव्हता. पुंडलिकरावांनी त्याला सकाळीच जंगलात आपट्याचा पाला आणायला पिटाळलं होतं. तो आला तेव्हा चाक बसलेलं होतं, वर चाकाची चकचकीत टोपी दाबलेली होती, टोपीवर झेंडूचा हार होता. त्याच्या मनात एकदा आलं, पाना लावून पाहावा. पण रीत आडवी आली. पुढं बारा वर्षं तो स्वतःला एवढ्याच एका गोष्टीसाठी शिव्या देत होता.

संध्याकाळी पुंडलिकरावांच्या आईला, चंद्रभागाबाईंना घेऊन तो सीमोल्लंघनाला निघाला. म्हातारी ड्रायव्हरशेजारी डावीकडेच बसायची, तिला समोरचं दिसायला हवं असे. तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, मोटार एकदम डावीकडे बसली, चाक सुटून पाण्यात गेलं आणि मागोमाग मोटार कलंडली. गोमाजीनं म्हातारीला बाहेर काढलं, पण तिचं डोकं दगडावर आपटलं होतं, ती तिथंच गेली. माणसं गोळा होईपर्यंत तो तिथंच चिखलात बसला होता, आणि नको तेवढ्या स्पष्टपणे त्याला समोरचा उघडा हब दिसत होता. चार भोकं रिकामी होती. पाचव्यात एक बोल्ट मोडून बसला होता, आणि त्याच्या कडेला नव्या कोऱ्या लोखंडाची चमक होती. या मोटारीचे बोल्ट तर काळे पडलेले होते. चमकणारा बोल्ट त्यानं कधी पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं वाड्यावर पाचजणांसमोर ते बोलून दाखवलं. म्हणाला, चाक मालकानं लावलं, आणि त्यात भलतेच बोल्ट घातले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुंडलिकराव म्हणाले, मी रीत म्हणून एक बोल्ट बोटानं टेकवला, आवळायचं काम या हरामखोराचं होतं. ज्या पाचजणांनी दर वर्षी मालकाला पाचही बोल्ट आवळताना पाहिलं होतं, ते जमिनीकडे पाहत बसले. मग पुंडलिकरावांनी गोमाजीचा उजवा हात ओट्याच्या पायरीवर दाबून धरवला आणि चाकाच्या पान्यानं वरून घाव घातला. “या हातानं माही माय मारली,” म्हणाले, “आन् वरून मालकाचं नाव घेते.” दोन बोटं चिरडली. आठवडाभरात गोमाजीचं घर गावातून उठलं.

मोटार आणि तिचं सुटलेलं चाक तलावातून ओढून पुंडलिकरावांनी गोदामात घातली आणि कुलूप लावलं. गोमाजीला साकोलीत बसून एवढंच ठाऊक होतं, की चार बोल्ट पाण्यात गेले असले तरी पाचवा अजून जागेवर आहे. तो भलत्या आट्यांचा आहे, याची त्याला खात्री होती. तो अखंड बाहेर आला, की त्याचे आटे चारचौघांत दाखवता येतील. कुणी त्याच्यात ड्रिल घालून भुगा केला, तर आपली साक्ष गेली. म्हणून तो शिकला. हायवेवरच्या ट्रकांच्या हबांवर, वाकड्या बोटांनी, एकेक मोडका बोल्ट लेकरासारखा चुचकारत तो शिकला. आणि प्रत्येक तुकडा बाहेर येताना त्याच्या डोळ्यांसमोर पुंडलिकरावांचा हात असे, त्याच पायरीवर दाबलेला. त्याच्या मनात क्षमा-बिमा काही नव्हतं. होतं ते एकच, की त्याचीही दोन बोटं मोडायची, त्याच पान्यानं, त्याच लोकांसमोर.

ब्याऐंशीच्या दसऱ्याला आठ दिवस होते तेव्हा पुंडलिकरावांचा मुलगा भय्याजी गॅरेजवर आला. अपघाताच्या वेळी तो नागपूरला शिकायला होता. त्याला जे ठाऊक होतं ते बापानं सांगितलेलं. यंदा तो सरपंच झाला होता आणि दसऱ्याला पणजोबांची मोटार गावातून मिरवायची असं त्याच्या डोक्यानं घेतलं होतं. बाप म्हणत होता, राहू दे ते भंगार. पण हात थरथरणाऱ्या बापाचं ऐकतो कोण? नागपूरचा एक मिस्त्री आणून भय्याजीनं इंजिन चालू करून घेतलं. अडलं ते डाव्या चाकाशी. हबात मोडका बोल्ट होता. दोन मिस्त्रींनी हात टेकले होते. आता ते म्हणत होते, ड्रिल लावून उडवून देऊ. त्या चाकाची कथा गावात सगळ्यांना माहीत, त्यामुळे चार बोल्टांवर मोटार बाहेर काढायची भय्याजीची हिंमत नव्हती.

“ड्रिल लावू नोका,” गोमाजी म्हणाला. इतक्या घाईनं म्हणाला की भय्याजी बघतच राहिला.

भय्याजीनं चाचरत जुन्या गोष्टीचा विषय काढला, झालं गेलं तलावाला मिळालं, असं काहीतरी म्हणाला. गोमाजीनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि अटी सांगितल्या. काम मोहटोल्यालाच, वाड्याच्या अंगणात होईल. तीन दिवस तो रोज येऊन बोल्टाला घासलेट पाजेल. तुकडा मात्र दसऱ्याच्या संध्याकाळी काढील, गाव सोनं द्यायला वाड्यावर येतं तेव्हा. आणि पुंडलिकराव समोर बसलेले पाहिजेत. भय्याजीनं मजुरी विचारली.

“मजुरी मी तिथंच घेईन,” गोमाजी म्हणाला.

घरी बायकोनं, रुखमिणीनं, त्याला पिशवीत पाना, पंच, जुनी कानस भरताना पाहिलं. तिला सगळं न सांगता कळलं. ती एवढंच म्हणाली, “एक हात अजून चांगला हाय तुमचा. तो तरी घेऊन या वापस.”

मोहटोल्याच्या अंगणात मोटार दगडांवर चढवून ठेवलेली होती. रंग उडालेला, गाद्या उंदरांनी कुरतडलेल्या. गोमाजी डाव्या हबाशी बसला आणि त्यानं अंगठा फिरवून पाहिला. तुकडा होता. त्याच्या तोंडावर मिस्त्रींनी छिन्नीचे चार घाव घातले होते, पण आत तो जसाच्या तसा होता. गोमाजीचा हात काही वेळ तिथंच राहिला. मग त्यानं घासलेटाची बाटली उघडली.

तिन्ही दिवस पुंडलिकराव बाहेर आले नाहीत. शेवटच्या दिवशी मालकीणबाई, सुलोचनाबाई, ओसरीच्या खांबाशी येऊन उभ्या राहिल्या. बारा वर्षांत त्यांचे केस पांढरे झाले होते. त्या दिवशी हात मोडताना त्या आतल्या दाराशी उभ्या होत्या, हे गोमाजी विसरला नव्हता. त्यांनी विचारलं, “निघन का रे तो, गोमा?”

“निघन, बाई.”

“पुरा?”

“पुरा.”

त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. गोमाजीनं मनातल्या मनात त्यांनाही दोन शिव्या हासडल्या. तोंडाला कुलूप लावून बसणारेही मारणाऱ्याइतकेच, असं त्याचं मत होतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी गाव अंगणात जमलं. ज्याच्या त्याच्या हातात आपट्याची पानं होती, पण सोनं द्यायचं राहिलं बाजूला, सगळे मोटारीभोवती गोळा झाले. पुंडलिकराव ओट्यावर खुर्चीत बसले होते. मोठा देह खचला होता, दोन्ही हात मांडीवर सारखे हलत होते. बारा वर्षांपूर्वीचे ते पाचजण, त्यातले दोघे वर गेले होते, तिघे होते. पूजेतला चाकाचा पाना बोनेटवर ठेवलेला होता, हळदकुंकवासकट. तोच होता. गोमाजीनं तो पाहून घेतला.

त्यानं आधी ब्लोलॅम्पनं हब तापवला, मग थंड होऊ दिला, परत तापवला. हातोडीनं तुकड्याच्या तोंडावर हलके ठोके दिले, दार ठोठावतात तसे. बरोबर मध्ये पंच मारला आणि हातड्रिलनं बारीक भोक पाडलं, फक्त मधोमध, आट्यांना धक्का न लावता. भोकात जुन्या कानशीचं चौकोनी टोक ठोकून बसवलं. आता त्या टोकाला पाना लावून फिरवायचं, की कानशीबरोबर तुकडाही फिरणार. गर्दीत नागपूरचा मिस्त्री होता. गोमाजीनं त्याला विचारलं, “तुमी कोनत्या बाजूनं फिरवला होता?”

“उजवीकडं,” मिस्त्री म्हणाला. “डावं चाक हाय. उलटे आटे. खोलाचं तर उजवीकडंच फिरवा लागन ना.”

“दुसऱ्यानं?”

“त्यानंबी तसाच.”

“बराबर हाय,” गोमाजी म्हणाला. “जानकार मानूस उजवीकडंच फिरवन. म्हनूनच नाई निघाला.” आणि त्यानं पाना डावीकडे टाकला.

वाकड्या बोटांत कळ आली. तो थांबला, पुन्हा घासलेट टाकलं, थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे, असं करत राहिला. मग गंजाचा किर्रर्र असा आवाज झाला आणि तुकडा केसभर हलला. त्यापुढं तो येतच गेला. गोमाजीनं तो बोटांत धरून काढला, घासलेटात बुडवून धोतराच्या सोग्याला पुसला. बोटाच्या पेराएवढा तुकडा. टोकाचे दोन-तीन आटे चेचलेले, बाकीचे शाबूत.

तो ओट्यापाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “हे पाहा. सरळ आटे. या चाकाचा बोल्ट नाईच हा. उलट्या भोकात सरळ बोल्ट दाबून घातला, तो दोन आटे जाऊन फसला, वाटलं आवळला. जास्ती जोर लावला, तं हा आत घुसून मोडला. बाकीचे चार दोन-दोन आट्यांवर लटकून होते. पाळीवर गाडी हलली, आन् निघाले. मी तवाच सांगितलं होतं. माहा हात मोडला तुमी.”

गर्दीत कुजबूज झाली. नागपूरच्या मिस्त्रीनं तुकडा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि मान डोलावली. गोमाजीनं बारा वर्षं याच घटकेची वाट पाहिली होती. आता म्हातारा ढासळणार, असं त्याला वाटलं.

पुंडलिकराव ढासळले नाहीत. ते घसा खाकरून म्हणाले, “मंग? भलता बोल्ट तूच घातला असन. डरायव्हर तू होता. बोल्टावर कोनाचं नाव लिवलं हाय का?”

बारा वर्षांत गोमाजीनं तो तुकडा काढायच्या शंभर रीती शोधल्या होत्या, पण हा एवढा साधा प्रश्न त्याला एकदाही सुचला नव्हता. लोखंड सांगत होतं की बोल्ट भलता होता. कुणी घातला, ते कुठं सांगत होतं? त्यानं त्या तिघा म्हाताऱ्यांकडे पाहिलं. तिघंही पुन्हा जमीन पाहत होते. भय्याजी पुढं होऊन म्हणाला, जाऊ द्या मिस्त्री, सणाचा दिवस आहे. गोमाजीला वाटलं, पाना उचलावा आणि सरळ म्हाताऱ्याच्या डोक्यात घालावा. खरं-खोटं गेलं चुलीत.

तेवढ्यात सुलोचनाबाई आतून आल्या. त्यांच्या हातात देवघरातलं ताट होतं. ताटात हळदीनं पिवळं पडलेलं एक फडकं होतं. त्यांनी ते पायरीवर ठेवून सोडलं. आत पाच बोल्ट होते, काळे, जुने, डोक्यावर एल कोरलेले. त्यांच्यावरच्या हळदकुंकवाची वाळून खपली झाली होती.

“हे त्या दसऱ्याचे,” त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण अंगणाच्या टोकापर्यंत गेला. “गोमानं खंडेनवमीले ताटात ठेवले होते. पूजेतले हायेत, म्हनून मले फेकवले नाई. सकाळी यायनं नागपूरहून आनलेले नवे बोल्ट काहाडले, चकचकीत. म्हनले, मालकाच्या चाकाले गंजलेले बोल्ट बरे नाई दिसत. गोमा असता तं बोलला असता, म्हनून त्याले जंगलात धाडलं. एक बोल्ट मोडला तवा मी दारात होती. मले म्हनले, मोडला ते कोनाले सांगू नोको, सनाच्या दिवशी अपशकुन होते. आन् वरून टोपी लावली.”

“सुलोचना,” पुंडलिकराव म्हणाले.

“बारा वर्सं रोज या बोल्टायले फूल वाहिलं मी,” त्या म्हणाल्या. “सासूबाई म्हनून. आता नाई होत.”

भय्याजी बापाकडे पाहत होता आणि बाप कुणाकडेच पाहत नव्हता. मग पुंडलिकराव उठले, काठी टेकत पायऱ्या उतरले आणि सगळ्यात खालच्या पायरीशी कसेबसे बसले. त्यांनी उजवा हात पायरीच्या दगडावर ठेवला. तो दगडावरही हलत होता.

“घे,” ते म्हणाले. “पाना घे. मोड.”

हेच तर हवं होतं. गोमाजीनं बोनेटवरचा पाना उचलला. पाना जड होता आणि हात तयार होता. पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे त्याची नजर गेली, आणि त्याला म्हाताऱ्याची चलाखी कळली. त्या चेहऱ्यावर एक प्रकारची घाई होती. दोन बोटं जातील, चार दिवस ठणकतील, आणि मग फिटलं. गाव म्हणेल, बरोबरी झाली. म्हातारा रात्री झोपेल. गोमाजीला एवढा राग आला, जेवढा बारा वर्षांत आला नव्हता. इतक्या स्वस्तात? छट्.

त्यानं पाना म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला. “हात राहू द्या,” तो म्हणाला. “दसरा हाय. मालकाचं चाक लावाचं राहिलं.”

पाच भोकांचे आटे त्यानं आपल्या हत्यारानं साफ करून दिले. ते उलट्या आट्यांचं हत्यार त्यानं कित्येक वर्षांपूर्वी नागपूरहून आणून ठेवलं होतं, कधीतरी लागेल म्हणून. चाक उचलून हबावर टेकवून दिलं. मग ताटातले पाच बोल्ट म्हाताऱ्यापुढं ठेवले आणि बाजूला जाऊन उभा राहिला, पूर्वी राही तिथंच, मोटारीशेजारी. फक्त या वेळी मान खाली नव्हती.

भय्याजी मदतीला पुढं झाला. सुलोचनाबाईंनी त्याच्या दंडाला धरलं. “लावू दे त्यायले,” त्या म्हणाल्या.

पुंडलिकरावांनी पहिला बोल्ट भोकाशी नेला. हातातून पडला. पुन्हा नेला आणि उजवीकडे फिरवला. तो धरेना. त्यांनी वर गोमाजीकडे पाहिलं. दर दसऱ्याला तिथून आवाज येत असे. या वेळी आला नाही. म्हाताऱ्यानं बराच वेळ वाट पाहिली, मग स्वतःच बोल्ट डावीकडे फिरवला आणि तो आत गेला. पाच बोल्ट बसवायला त्यांना दिवस मावळेपर्यंतचा वेळ लागला. पान्यावर जोर द्यायला अंगात काही उरलं नव्हतं. ते पान्यावर छाती टेकून ढकलत होते. आवळले गेले की नुसते टेकले, हे बघणाऱ्या कुणालाच सांगता आलं नसतं. एक जण मात्र सांगू शकत होता, आणि तो हाताची घडी घालून उभा होता.

“झालं,” पुंडलिकराव म्हणाले.

गोमाजीनं जॅक लावून मोटार दगडांवरून उतरवली. “मंग बसा,” तो म्हणाला. “भय्याजी चालवतीन. तुमी डावीकडं बसा, बुढीमायच्या जागेवर. पाळीवरून सीमोल्लंघनाले जाऊन या. लावलेलं चाक तुमचंच हाय.”

भय्याजीनं मोटार सुरू केली नाही. त्याचा हात दारावर होता आणि तो चाकाकडे पाहत होता. सगळं गाव त्या चाकाकडे पाहत होतं. पुंडलिकराव दाराच्या मुठीला धरून उभे राहिले, एक पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग वळले. कुणीतरी मघाशी दिलेली आपट्याची पानं त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चुरगळलेली होती. ती त्यांनी काढून गोमाजीपुढं धरली. घरच्या नोकराला कधी एक ‘जी’ लावला नव्हता त्या माणसानं.

“गोमाजी,” ते म्हणाले, “एक डाव तू पाना लावून पाह्य.”

अंगणात सगळ्यांनी ते ऐकलं, त्या तिघा म्हाताऱ्यांनीही. गोमाजीनं आपली वाकडी बोटं वर उचलली, म्हाताऱ्याच्या तोंडासमोर धरली, आणि त्यानं सोनं घेतलं नाही.

“मालकाच्या चाकाले नोकर पाना नाई लावत,” तो म्हणाला.

त्यानं हत्यारं पिशवीत भरली, मोडका तुकडा खिशात टाकला आणि सुलोचनाबाईंच्या पायाशी वाकून निघाला. गावाबाहेर तलावाच्या पाळीवर तो थांबला, जिथं मोटार कलंडली होती तिथंच. मागं मोटार सुरू झाल्याचा आवाज येतो का, ते त्यानं बराच वेळ ऐकलं. आवाज आला नाही. तिकडं वाड्याच्या अंगणात मोटार तशीच उभी होती, चाक लावलेलं होतं आणि बसणारा कुणी नव्हता. गोमाजीला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा, पोटभर बरं वाटलं. मग त्यानं चांगल्या हातानं पिशवी खांद्यावर टाकली आणि शेवटची एसटी गाठायला तो भराभर चालू लागला.